ताजुद्दीनच्या बदल्यात दोन

“जित्याजागत्या माणसांची नावं खेळाला देऊ नकोस, सुरुची. एक दिवस अंगाशी येईल,” असं शोभनाताई आमच्या रियाधच्या स्वयंपाकघरात, भजी तळता तळता म्हणाल्या होत्या. मी हसले होते. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून दोनदा परत येणारी बाई मी, पण नेमकं हेच बोलणं कढईच्या वाफेबरोबर जाऊ दिलं.

शोभनाताईंचे यजमान गुरुनाथ आणि माझा नवरा श्रीकांत एकाच कंपनीत. तिथल्या कॅनडाच्या साहेबाने ऑफिसात एक खेळ सुरू केला होता. कॅनडा-अमेरिकेत बर्फावर हॉकी खेळतात, त्यातले खरे खेळाडू निवडून इथे कागदावर संघ करायचा. ते तिकडे खेळतील तसे गुण इकडे मिळणार. जूनमध्ये तिथले सामने संपतात आणि खेळाडू सुट्टीवर जातात. आमच्या घरी मात्र खरी धामधूम तेव्हाच सुरू व्हायची, कारण कुणाला देऊन कुणाला घ्यायचं हे सुट्टीतच ठरवायचं असतं. बाहेर सत्तेचाळीस अंश, आणि आत दोन मराठी माणसं बर्फावरच्या माणसांवरून हमरीतुमरीवर.

निम्मे खेळाडू फिनलंडचे, निम्मे चेक. त्यांची नावं जिभेवर येईनात. तेव्हा मीच तोडगा काढला, की ज्याचा स्वभाव आपल्यातल्या ज्या माणसाशी जुळेल त्याचं नाव खेळाडूला द्यायचं. जाळीसमोर उभा राहून कुणाला आत येऊ न देणारा, तो ताजुद्दीन. कारण अल सुलैच्या आमच्या कंपनीच्या गोदामात ताजुद्दीनचाचा सव्वीस वर्षं स्टोअरकीपर होते आणि चिठ्ठीशिवाय त्यांच्या दारातून एक नटसुद्धा हलला नव्हता. भन्नाट पळणारा आणि वाटेतल्याला खांद्याने उडवणारा, तो नसरुद्दीन. नसरुद्दीन आमच्या कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर.

“ताजुद्दीनला देऊन टाकू,” गुरुनाथ म्हणाले.

“आणि दारात कोण उभं राहणार? तू?”

“वय बघ त्याचं. पाय हलत नाही. डावी बाजू कायम उघडी. आत्ता दिला तर बदल्यात दोन तरुण मिळतील, पुढच्या वर्षी फुकट दिला तरी कुणी घेणार नाही.”

“माणूस चांगला आहे रे.”

“तू चांगली माणसं ठेवत बसलास म्हणून गेल्या वर्षी आपण खालून पहिले आलो, श्रीकांत.”

मला राहवेना. “चाचांबद्दल असं बोलू नका हो. परवाच त्यांनी आमच्या छोट्या शर्विलला हर्णैची आंबापोळी पाठवलीय.”

“वहिनी, हा तो नव्हे.”

“नाव तर तेच आहे ना.”

“ते तुम्हीच ठेवलंत,” गुरुनाथ म्हणाले. ते खरंच होतं.

श्रीकांत प्लॅनिंगमधला. त्याला तक्ता केल्याशिवाय भाजीसुद्धा आणता येत नाही. त्याने सगळ्या संघाचा तक्ता केला, प्रत्येकापुढे शेरा लिहिला. ठेवायचे ते हिरव्यात, विचार करायचे ते पिवळ्यात, द्यायचे ते लाल रंगात. इतर संघांना सुगावा लागू नये म्हणून वर ठळक लिहिलं, ‘गोपनीय. उन्हाळी अदलाबदल.’

आता तो काळ कसला होता ते सांगायला हवं. सौदी माणसांना किती नोकऱ्या दिल्या यावरून सरकार प्रत्येक कंपनीला असेच रंग देत होतं. हिरवा रंग असला की निर्धास्त. पिवळ्यात गेलं की इकाम्याच्या, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाला अडचणी, आणि लाल म्हणजे खलास. कुणाच्या जागी सौदी मुलगा येणार, याची यादी कधी निघते इकडे आमच्या सगळ्यांचे कान लागलेले. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने “मॅडम, अभी हो ना?” असं विचारलं तरी मी तिथूनच श्रीकांतला फोन लावायचे.

आणि रविवारी श्रीकांतने ऑफिसात त्या तक्त्याचा प्रिंट काढला. त्याच्या मजल्यावरचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून यादीतलं पुढचं निवडलं. ते होतं पंचवीस किलोमीटरवर, अल सुलैच्या गोदामात. कागद येईना म्हणून याने आणखी दोनदा बटण दाबलं.

मला हे बुधवारी कळलं. हर्णैहून हाजराचाचींचा, म्हणजे ताजुद्दीनचाचांच्या बायकोचा फोन आला. मागच्या वर्षी त्या व्हिजिट व्हिसावर रियाधला आल्या होत्या, तेव्हापासून मला मुलगीच म्हणतात.

“अगो सुरुची, ह्यांचं फायनल एक्झिट ठरलं, कायमचं घरी यायचं झालं, आणि तू मला सांगितलं पण नाय?”

“कोण म्हणालं, चाची?”

“हेच. हेड ऑफिसचा कागद आला. एक नाय, तीन आले. लाल रंगात नाव आहे. खाली तुझ्या नवऱ्याचं नाव छापलंय.”

मी खुर्ची शोधू लागले.

“मी रागावले नाय हां,” चाची म्हणाल्या. “त्याला पण वरून सांगितलं असंल. नाय म्हटलं तरी घरीच येतायत ना. वरची खोली रंगवायला घेतली. फक्त तिथे ‘वय झालं’ असं लिवलंय, ते नको होतं लिवायला. दोन दिवस जेवले नायत.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी श्रीकांतला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“तरीच,” तो म्हणाला.

“काय तरीच?”

“नसरुद्दीन तीन दिवस साठच्या वेगाने गाडी चालवतोय. आज त्याने पाण्याच्या टँकरला हात करून पुढे जाऊ दिलं. मला वाटलं आजारी आहे.”

“तक्त्यात काय लिहिलंय त्याच्यापुढे?”

“‘वेग उत्तम. धक्काबुक्की कमी केली तर ठेवू.’”

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर श्रीकांत, गुरुनाथ, मी आणि कडेवर शर्विल, असे आम्ही अल सुलैला गेलो. गोदाम ओळखू येत नव्हतं. प्रत्येक मांडणीवर मराठी, इंग्रजी आणि अरबीत चिठ्ठ्या. डावीकडचं शटर चार वर्षं अर्धवट लोंबत होतं, ते आज तेलपाणी होऊन सरळ उभं.

“डावी बाजू उघडी होती, तेवढं बरोबर होतं तुमचं,” चाचा म्हणाले. “बंद करून घेतली. बसा. सुलेमानी चहा टाकतो.”

टेबलावर फाइल होती. तिन्ही कागदांवर आवकेचा शिक्का, तारीख आणि सही. आलेला कागद नोंदल्याशिवाय ठेवणं त्यांना जमलंच नसतं.

“चाचा, हे तुमच्याबद्दल नाहीच,” श्रीकांत म्हणाला. “हा खेळ आहे. हॉकी. बर्फावरची.”

“बर्फावर? मुद्दाम?”

“हो. आणि नाव तुमचं आहे, पण माणूस दुसरा आहे.”

“माझं नाव कुणी दिलं त्याला?”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी शर्विलची टोपी सारखी करत बसले, मग सांगून टाकलं. चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बायकोला काय सांगितलं असेल, गावात किती जणांना कळलं असेल, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सव्वीस वर्षं दार सांभाळणाऱ्या माणसाला चार दिवस आम्ही काढून टाकलं होतं. सव्वीस वर्षांत कुणी केलं नव्हतं ते.

“तो करतो काय, हा माझ्या नावाचा?” त्यांनी विचारलं.

“जाळीसमोर उभा राहतो. कुणाला आत येऊ देत नाही.”

“मग नाव बरोबर आहे,” ते माझ्याकडे बघून म्हणाले. त्यांनी कागद जवळ ओढला. “आणि त्याला देऊन काय आणणार तुम्ही?”

“दोन तरुण,” गुरुनाथ पुटपुटले.

“दोन?” चाचा पहिल्यांदाच चिडले. “दारावरचा माणूस देताय, आणि दोन? गुरुनाथसाब, तुमी बाजारात जाता का कधी? चार मागायचे, तीनवर यायचं. आणि ती पोरं दार सांभाळणार काय? पळणारे कितीही मिळतात. थांबणारा मिळत नाय. नको द्यायला. लिहा, हिरवा.”

श्रीकांतने पेनाने ‘हिरवा’ लिहिलं. चाचांनी त्यावरही शिक्का मारला आणि मग डबा उघडून आमच्यासमोर जेवायला बसले.

सप्टेंबरमध्ये खरी यादी आली. त्याआधी तपासणीला आलेल्या लोकांनी सगळी गोदामं पाहिली आणि अल सुलैचं गोदाम नमुना म्हणून दाखवायचं ठरवलं. चिठ्ठ्या, शटर, सगळं. नवीन सौदी मुलं शिकायला ताजुद्दीनचाचांकडेच पाठवायची, असा हुकूम निघाला. प्लॅनिंगच्या जागा मात्र सौदीकरणात गेल्या. श्रीकांतच्या बदल्यात दोन तरुण आले.

“तीन मागायला हवे होते,” विमानतळावर गुरुनाथ म्हणाले. कुणाला हसता आलं नाही, मग सगळेच हसलो.

आम्ही आता सांगलीत असतो. श्रीकांतला नोकरी लागली, शर्विल शाळेत जातो. कागदावरचा संघ चाचांच्या हवाली केला, आणि ते दर शुक्रवारी नमाजनंतर फोन करून कुणाला द्यायचं नाही ते सांगतात. द्यायचं कुणालाच नसतं. गेल्या दोन शुक्रवारी फोन आला नाही. मी केला तर वाजून वाजून थांबतो. श्रीकांत म्हणतो, माल मोजत असतील. गुरुनाथ आणि शोभनाताई सुट्टीवर भारतात आहेत, आणि हाजराचाचींना मी विचारत नाही, त्यांना उगीच घोर लागेल.

हे वाचणारं कुणी रियाधमध्ये असेल, तर अल सुलैच्या बाजूला गेल्यावर जरा डोकावून या. त्यांची खोली गोदामाच्या मागच्या अंगाला आहे. कूलर चालतोय ना आणि ते वेळेवर जेवतायत ना, तेवढं बघा आणि मला कळवा.