निर्दोष फेरीची फाइल

"फाइल फार मोठी आहे," असं वेबसाइटने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बाबांनी वेबसाइटलाच दरडावलं. "मोठी असणारच! पूर्ण फेरी आहे ती!"

लेकीने कपाळाला हात लावला. रविवारची सकाळ होती आणि लॅपटॉप तिचा होता.

बाबा निवृत्त बसचालक. सगळी नोकरी बसवर काढली, पण गाडीला साधा ओरखडा येऊ दिला नाही. निवृत्तीनंतर सगळे म्हणाले, आता आराम करा. बाबांनी आराम म्हणून लेकीच्या लॅपटॉपवर बस चालवायचा गेम घेतला, टेबलाच्या कडेला खेळातलं स्टिअरिंग स्क्रूने आवळलं आणि पुन्हा कामावर रुजू झाले. गेममध्येही ते प्रत्येक थांब्यावर थांबत, तिथे चिटपाखरू नसलं तरी. मागच्या गाड्यांतले खेळाडू हॉर्न वाजवून वाजवून दमत आणि शेवटी पडद्यावर लिहीत, "आजोबा, बाजूला घ्या." हे वाक्य बाबांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

म्हणून त्यांना आता 'निर्दोष चालक' हा बिल्ला हवा होता. हा गेम खेळणाऱ्यांचा एक क्लब तो देत असे. अट अशी की एक अख्खी फेरी रेकॉर्ड करायची, मध्ये गेम थांबवायचा नाही, नंतर काटछाट करायची नाही आणि व्हिडिओ क्लबच्या साइटवर चढवायचा. या महिन्याची मुदत आज संध्याकाळपर्यंत होती. साइट दोन जीबीपर्यंतची फाइल घेत होती. बाबांची फाइल चाळीस जीबीची होती.

"एवढी झाली कशी?" लेकीने विचारलं.

"सर्वात उत्तम दर्जा असं लिहिलं होतं. तेच निवडलं. सर्वात वाईट निवडू का?"

"आणि हा पाऊस कशाला लावलात गेममध्ये? प्रत्येक थेंब हलतोय. त्यानेच फाइल फुगते."

"उन्हात कोणीही चालवतं," बाबा म्हणाले.

"बरं, तुम्ही थांब्यांवर नुसते उभे आहात, तेवढं कापू?"

"कापायचं? मग मधल्या वेळात मी काय केलं, हे लोकांना कसं कळणार? फेरी म्हणजे फेरी. अखंड."

आई खिडकीशी बसून स्वेटर विणत होती. तिने मान वर केली. "पुलाजवळचं वळण नीट दिसेल ना गं लहान फाइलमध्ये?"

"सगळंच दिसेल, आई," लेक म्हणाली, आणि कामाला लागली.

तिने आधी चित्राचा आकार कमी केला. फाइल आटोक्यात आली. बाबांनी चष्मा पुसून पाहायला सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला खुर्चीतून उठलेच.

"हे काय? वेग ऐंशी? शाळेसमोर मी ऐंशीने चाललोय?"

"तीस आहे ते, बाबा. आकडा पुसट झालाय म्हणून ऐंशीसारखा वाटतोय."

"तुला वाटतोय, मला वाटतोय, मग क्लबला काय वाटेल? शाळेसमोर! माझी आयुष्यभराची अब्रू गेली."

मग तिने आकार होता तसा ठेवला आणि दर सेकंदाला दिसणारी चित्रं कमी केली. आता बस धक्क्याधक्क्याने पुढे जाऊ लागली. झेब्रा क्रॉसिंगवर एक छत्रीवाला माणूस बससमोर होता. पुढच्या चित्रात तो नव्हता.

बाबा पांढरेफटक पडले. "तो माणूस कुठे गेला?"

"रस्ता ओलांडून गेला."

"कधी? मला तर दिसला नाही. मी उडवला का त्याला?"

"बाबा, खेळताना तुम्ही थांबला होतात ना त्याच्यासाठी?"

"थांबलो होतो! तो पलीकडे गेला तरी थांबलो होतो! आणि आता बघणारे म्हणणार, थेरड्याने माणूस मारला आणि वळूनही बघितलं नाही."

लेकीने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. तिसऱ्या खेपेला तिने आकार आणि चित्रांची संख्या दोन्हींना हात लावला नाही, फक्त बारकावे कमी केले. पावसात सगळ्या चित्राचे चौकोन चौकोन झाले. त्या चिखलात सिग्नलचा हिरवा दिवा आधी तपकिरी झाला आणि मग चक्क तांबूस दिसू लागला, आणि बाबांची बस त्याच्याखालून संथपणे निघून गेली.

"सिग्नल तोडला," बाबा खोल आवाजात म्हणाले. त्यांनी खुर्चीत अंग टाकलं. "सबंध नोकरीत जे केलं नाही, ते तू एका सकाळीत करून दाखवलंस."

"मी केलं?" लेकीचा आवाज चढला. "मी सकाळपासून चहासुद्धा घेतला नाहीये! भरधाव चालवलीत तर मी, माणूस मेला तर मी, सिग्नल तोडला तर मी! एवढंच आहे तर बिल्ला न घेता राहा ना!"

बाबांनी हळूच स्टिअरिंगवरची धूळ रुमालाने पुसली, आणि तेच लेकीला सहन झालं नाही.

"द्या इकडे," ती म्हणाली. "आणखी एकदा बघते."

"पुलाजवळचं वळण या वेळी दिसलं का गं?" आईने विचारलं.

"आई, तू तरी आता सुरू होऊ नकोस."

"अगं, फक्त विचारलं."

या वेळी बाबा तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. सॉफ्टवेअरमध्ये एक यादी होती. अतिजलद, जलद, मध्यम, सावकाश, अतिसावकाश. "तू सगळ्या वेळी अतिजलद निवडलंस?" त्यांनी विचारलं.

"लवकर व्हावं म्हणून."

"मग अपघात होणार नाहीत तर काय!" बाबांनी स्वतः माउस धरला आणि अतिसावकाशवर टिचकी मारली.

लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. संध्याकाळच्या थोडं आधी काम संपेल असं पडद्यावर आलं. दिवसभर बाबांनी त्या टेबलाजवळ कोणाला फिरकू दिलं नाही. आणि शेवटी जी फाइल निघाली, ती दोन जीबीत मावली, तीस तीसच दिसले, हिरवा हिरवाच राहिला, छत्रीवाला माणूस चालत चालत सुखरूप पलीकडे गेला. सावकाश केलं की कमी जागेत जास्त बारकावे मावतात, हे लेकीला आठवायला हवं होतं. बाबांना ते माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं, म्हणून तिला जास्तच राग आला.

अपलोड चालू असताना बाबांनी घरातले सगळे फोन इंटरनेटवरून उतरवले. आई बहिणीशी व्हिडिओवर बोलत होती, तिची बहीण वाक्याच्या मध्येच गायब झाली. "रस्ता मोकळा ठेवा," एवढंच बाबा म्हणाले. मुदत संपायच्या जरासं आधी फाइल चढली. लेक सोफ्यावर आडवी झाली ती उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना क्लबचं उत्तर आलं. बाबांनी मोबाइल हातभर लांब धरून मोठ्याने वाचलं. "'अभिनंदन. आपणास निर्दोष चालक हा बिल्ला देण्यात येत आहे. आपलं चालवणं शिस्तीचं असलं तरी फार आखडलेलं वाटतं.'" बाबा थबकले. "आखडलेलं?"

"पुढे वाचा," लेक म्हणाली.

"'मात्र पुलाजवळचं वळण आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं. पावसात, उतारावर, इतक्या मोकळ्या हाताने घेतलेलं वळण आमच्या पाहण्यात नाही. बिल्ल्याचा निर्णय त्या वळणावर झाला.'"

बाबांनी घास ताटात ठेवला. "मी पुलाजवळ असं काय केलं?"

आई ताटातली कोशिंबीर सारखी करत राहिली.

लॅपटॉप आणला गेला. लेकीने काल सगळी तपासणी आवाज बंद ठेवून केली होती. आता तिने आवाज लावला; माइकने खोलीतले आवाजही टिपले होते. पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर बस उभी होती. पावसाच्या आवाजात बाबांचाच आवाज आला, "आपल्या फाटकासमोर स्कूटर? ही काय लावायची जागा झाली? थांब, बघतोच!" खुर्ची सरकली. दार धाडकन आपटलं. मग काही वेळ नुसता पाऊस. मग मागच्या गाड्यांचे हॉर्न. मग विणायच्या सुया टेबलावर ठेवल्याचा बारीक आवाज, आणि बस निघाली. पुलावरून, उतारावरून, त्या वळणावरून पुढच्या थांब्यापर्यंत गेली आणि अलगद थांबली. मग दार वाजलं, स्कूटरवाल्याला बोल लावत बाबा परतले आणि थांबा कुठला हे न पाहताच पुढे निघाले.

हीच आई घरच्या गाडीत कायम डावीकडे बसत आली होती. तिने शिकायचं काढलं की बाबा म्हणायचे, "तुला आरशात बघायची सवय नाही."

"तू?" बाबा म्हणाले.

"अहो, मागे एवढी रांग लागली होती. किती वेळ उभं ठेवायचं लोकांना?" आई म्हणाली. "आणि आरशात बघितलं मी. दोनदा."

बाबा उठले, चष्मा लावला आणि एका बोटाने क्लबला उत्तर टाइप केलं. ते लिहायला त्यांना वेळ लागला. 'पुलाजवळ बदली चालक होता. बिल्ला परत घ्यावा. कळावे.'

उत्तर लगेच आलं. नियमांत बदली चालकाबद्दल काही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे बिल्ला राहू दे. फक्त त्या बदली चालकाने आपली स्वतःची एक अखंड फेरी पाठवावी, क्लब वाट पाहत आहे.

बाबांनी स्टिअरिंगसमोरची खुर्ची आईसाठी मागे ओढली. स्वतः बाजूला स्टूल घेऊन बसले. आईने हात पुसले, आरसा नीट केला, पाऊस लावला. बाबांनी टेबलावर टक टक असं दोनदा वाजवलं. नोकरीत कंडक्टर मागून दोन घंट्या देई, तेव्हाच ते गाडी हलवत.

बस निघाली. सोफ्यावरून लेकीने मान उचलून पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला होता आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'सर्वात उत्तम दर्जा.'