तात्यांची उपडी चरवी

"थुक. आधी थुक ते!"

गल्लीच्या तोंडाशी तात्या पैलवान ओरडले आणि दुसऱ्या टोकाला आमच्या घरात आईच्या हातातली परात पडली. रंकाळ्यावरची बदकंही उडाली म्हणतात. मी फक्त परातीची साक्ष देतो.

बाहेर येऊन बघतो तर तात्यांची नात पिंकी गाल फुगवून उभी. समोर नरसोबाच्या वाडीहून नुकत्याच उतरलेल्या शेवंताकाकू. पोरीच्या गालात वाडीचा पेढा.

"परसाद हाय तात्या," काकू म्हणाल्या. "देवाच्या वस्तूला कसलं पथ्य?"

"खव्याचा हाय न्हवं? मग देवाला म्हणावं, रातभर तिचं हात धरून बसायला तू ये."

पिंकीने पेढा तात्यांच्या तळहातावर काढला. त्यांनी तो ओला गोळा कपाळाला लावला आणि दारातल्या म्हशीच्या तोंडात घातला. "दत्तम्हाराज, तुमची गाय आसती, आमची म्हस हाय. चालवून घ्या."

आता हा माणूस कोण, ते सांगितल्याशिवाय या थुंकण्याची किंमत कळायची नाही. तात्या दुधावर चालत. पहाटे धार काढायची आणि पितळी चरवी फेसासकट तोंडाला लावायची. चरवी खाली आली की मिशीवर हिमालय. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध होतं. मी गणितात नापास झालो, तेव्हा वडिलांना म्हणाले, "मास्तर बदलू नका, ह्याला दूध कमी पडलंय." कबनूरहून त्यांची मुलगी बघायला आलेल्या पावण्यांनी चहा मागितला, तर तात्यांनी प्रत्येकाला तांब्याभर दूध पाजलं. पावण्यांना उठताच येईना. शेवटी बसल्या बसल्या सुपारी फोडून मोकळे झाले.

अशा माणसाच्या नातीला दूध बाधावं! कोपराच्या, गुडघ्याच्या लवणीत लाल चट्टे. पोरगी खाजवून खाजवून रक्त काढायची. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, बारीकसारीक विचारलं आणि सांगितलं, दूध बंद. तात्या उठले ते खुर्चीसकट उठले. खुर्ची अंगाला अडकून तशीच वर आली होती.

"म्हंजे बाई, मी रोज माझ्या हातानं पाजत हुतो, ते?"

बाईंनी चिठ्ठीवरच्या 'दूध बंद'खाली रेघ ओढली. तात्या खुर्चीसकटच खाली बसले.

त्यानंतर त्यांनी पथ्याची कुस्ती धरली. पहिल्या झटक्यात दुधाबरोबर अंडी, शेंगदाणे, मासळी, वांगी, चिंच, सगळंच घराबाहेर काढलं. पिंकी मीठ-भातावर आली, काडी झाली. बाईंनी झाडलं, "तात्या, मी दूध बंद केलंय, पोरगी नाही. तिला सोसतं ते पोटभर घाला. मनानं काही बंद करायचं नाही."

मग पैलवान चुलीपाशी बसले. नाचणीची भाकरी, तुरीचं वरण, मटण, मासळी, कूट घातलेल्या भाज्या. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी आचाऱ्याला भेटत. "पांढरा रस्सा पांढरा कशानं केलाय?"

"नारळानं, तात्या."

"आणि?"

एका आचाऱ्याने त्या 'आणि'ला घाबरून, कुणी विचारलं नसताना, लाडवात तूप कमी घातल्याचं कबूल केलं. गल्लीत तर रामराम संपलाच. तात्या भेटले की पहिला प्रश्न, "पोटात काय गेलं?" पिंकीने जरा मान खाजवली की सगळ्या घरांची झडती. वर्ष-दीड वर्षात गल्ली इतकी वळणावर आली, की गणपतीपुढचा पेढा गेला आणि खडीसाखर आली. अख्ख्या कोल्हापुरात पथ्य पाळणारा गणपती तेवढा आमचाच.

एकदा गोठ्यात गेलो, तर चरवी खुंटीवर उपडी. आत कोळ्याने चांगला संसार मांडलेला.

"फुटली काय तात्या?"

"न्हाय."

"मग पीत न्हाईसा?"

"पोरगी दारात बसून बघत आसती," म्हणाले, आणि म्हशीला वैरण टाकायला लागले. धार रोज निघत होती, घरोघर जात होती. मिशी मात्र काळीच्या काळी.

पिंकी चौथीत गेली तेव्हा बाई म्हणाल्या, पुष्कळ पोरांचं वयानं जातं, बघूया. पण घरी नको, माझ्यासमोर. तात्यांनी घासून लखलखीत केलेल्या चरवीतून उकळलेलं दूध आणलं. माझ्या स्कूटरवर मागे बसले होते, खड्डा आला की माझा खांदा धरत. तो खांदा अजून पाऊस आला की बोलतो.

बाईंनी थेंब दिला, थांबल्या. चमचा दिला, थांबल्या. मग थोडं थोडं वाढवत पेल्यापर्यंत आल्या. तात्या नातीच्या कोपराकडे असे बघत होते, की दुसरं कातडं असतं तर नुसत्या नजरेनंच लाल झालं असतं. काही उठलं नाही.

पिंकीने अर्धा पेला खाली ठेवला. "शी. मला न्हाय आवडत."

मी डोळे मिटले. दवाखान्याच्या काचा गेल्याच म्हणायच्या. पण आवाज आलाच नाही. डोळे उघडले तर तात्यांनी तिचा उष्टा पेला उचलून तोंडाला लावला होता. मिशी पांढरी झाली. ती त्यांनी पुसली नाही.

परत येताना मला राहवेना. "तात्या, एवढी वर्षं थांबलासा, आणि पोरीनं तोंड वाकडं केलं. वाईट न्हाय वाटलं?"

"खाजवलं न्हाय तिनं," तात्या म्हणाले.