मुंगुसांच्या सुनेचा उपास

एका जंगलात बॅडमिंटनचं कोर्ट होतं. जंगलात कोर्ट कुठून आलं, असं विचारू नका, मुलांनो. निवडणुका जवळ आल्या की जंगलात काहीही उगवतं.

कोर्टाशेजारच्या बिळात मुंगुसांचं एक घर होतं. तिथे हेमांगी नावाची सून नुकतीच लग्न होऊन आली होती. ती फारसं बोलायची नाही. येताना तिनं चार साड्या आणि एक रॅकेट आणली होती. साड्यांचं कौतुक झालं.

रॅकेटकडे बघून सासूबाई म्हणाल्या, "आठ दिवसांनी जोडप्यांचा सामना आहे. खेळा दोघं. जिंकलात तर पुढेही खेळ. हरलात तर ही माळ्यावर. संसारात हौस किती दिवस पुरवायची?"

हेमांगीनं माळा पाहिला होता. तिथे सासूबाईंची स्वतःची बाजाची पेटी होती. लग्नात आणलेली. तिच्यावर आता लोणच्याच्या रिकाम्या बरण्या होत्या.



आणि त्याच दिवसापासून आमंत्रणं सुरू झाली. नवं जोडपं ना! "जोडीनं जेवायला या." सोमवारी आत्याकडे पुरणपोळी. मंगळवारी मावशीकडे श्रीखंड. बुधवारी चुलत मामांकडे बासुंदी, आणि वर मामींचा आग्रह.

मुंगूस साप खातं की श्रीखंड, असंही विचारू नका, मुलांनो. लग्न झाल्यावर समोर येईल ते खावं लागतं.

हेमांगीचा नवरा वल्लभ स्वभावानं गरीब. त्याला 'नको' म्हणता यायचं नाही. तो फार तर 'अर्धी' म्हणायचा. मग दोन पडायच्या.

हेमांगीनं आधी सरळ मार्ग धरला.

"आई, सामना होईपर्यंत जरा हलकं खाल्लं तर? केळं, उकडलेलं रताळं, मूठभर शेंगदाणे, ताक. अंगात ताकद राहते, आणि पळताही येतं."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "रताळी? नव्या सुनेला? अगं, लोक म्हणतील, मुंगुसांकडे खायला नाही का!"

"बरं," हेमांगी म्हणाली.

गुरुवारी सकाळी ती न्हाऊन देवासमोर बसली. मान खाली घालून हळूच म्हणाली, "आई, मी ह्यांच्या विजयासाठी व्रत धरलंय. सामन्यापर्यंत उपास."

सासूबाईंचे डोळे भरून आले.

"वल्लभ, बघ रे, कशी गुणाची पोर! काही खाल्लंस का गं? थांब. आधी केळं खा. रताळं उकडते. शेंगदाणे भाजलेत ताजे. आणि ताक घे भांडंभर, पित्त होईल नाहीतर."

हेमांगीनं मुकाट्यानं खाल्लं. उपासच होता, सहन करणं भागच होतं.

आमंत्रणं चालूच राहिली. पण आता आत्या, मावशी, मामी तिच्या ताटाला हात जोडायच्या आणि वल्लभला दुप्पट वाढायच्या. "बायको तुझ्यासाठी उपाशी राहते, आणि तू लाडू टाकतोस?"

सामन्याच्या दिवशी पलीकडे माकडांचं जोडपं होतं. वल्लभ नेटजवळ उभा राहिला. म्हणजे उभाच राहिला. शटलचं फूल डोक्यावरून गेलं की तो मान वर करून त्याला निरोप द्यायचा. मागचं अख्खं कोर्ट हेमांगीचं. ती पुढे आली, मागे गेली, डावीकडे झेपावली. वीस-वीसवर माकडीण धापा टाकायला लागली. हेमांगीला घामही मोजकाच आला होता. तिनं उडी मारून दोन फटके मारले आणि सामना संपला.

जंगलात एकच गलका झाला.

"व्रत फळलं!" आत्या ओरडल्या.

"माझी बासुंदी फळली," मामी म्हणाल्या.

वल्लभला हार घातला. तो वाकून नमस्कार करणार होता, पण वाकता आलं नाही.

सासूबाईंनी रॅकेट घरी नेली, हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवली. "आता हिला कुणी हात लावायचा नाही. पवित्र आहे."

हेमांगी देव्हाऱ्याकडे बघत राहिली. माळ्यापेक्षा चार हात खाली, एवढाच फरक.

"आई," ती म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. व्रत वर्षाचं आहे. रोज संध्याकाळी तासभर रॅकेट चालवावी लागते. नाहीतर उलटतं."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग दारात कुणी नाही ना, ते पाहिलं.

"काय गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्या व्रतात पेटी चालते का?"

"चालते काय, आई! पेटीशिवाय ते पुरंच होत नाही."

सासूबाईंनी पदर खोचला. "वल्लभ, ऊठ. माळ्यावरच्या बरण्या खाली काढ."

वल्लभला उठता आलं नाही. दोघींनी मिळून काढल्या.

तात्पर्य: खेळाडूनं नेहमी चौरस आहार घ्यावा. मात्र घरात त्याला उपास म्हणावं.