हॅट हजर आहे

एका राज्याच्या विधानसभेत सदस्यांची हजेरी हॅटवरून लागत असे. यामागचा तर्क निर्दोष होता. सभ्य गृहस्थ उघड्या डोक्याने रस्त्यावर जात नाही. म्हणून ज्याची हॅट मेजावर, तो इमारतीत. मग तो तळघरातल्या न्हाव्याकडे असो की पत्त्यांच्या डावावर. सचिव क्विग्ली रोज सकाळी हॅट्स मोजत आणि कामकाज सुरू करत.

१९५३ साली निवडून आलेल्या वर्ना टॉलेफसन या सभागृहातल्या एकमेव बाई. आधी शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या गावच्या ओढ्यावरचा लाकडी पूल इतका खिळखिळा झाला होता की शाळेची बस अलीकडे थांबे, मुलं उतरून चालत पलीकडे जात आणि मागून रिकामी बस देवाचं नाव घेत येई. तिथे नवा पूल मंजूर करून घ्यायचा, एवढ्याचसाठी बाई आल्या होत्या.

पहिल्याच दिवशी त्यांची गैरहजेरी लागली.

"अहो क्विग्लीसाहेब, मी तुमच्यासमोर बसलेय!"

"दिसताय, टॉलेफसनबाई. पण हॅट डोक्यावर आहे. म्हणजे निघण्याच्या बेतात."

"बाईमाणसाने हॅट डोक्यावरच ठेवायची असते. तीसुद्धा पिन लावून."

"ठेवा की. पद्धत आहे. मी गैरहजेरी लावतो. तीही पद्धत आहे."

बाई पुलावर पुष्कळ बोलल्या, पण गैरहजर सदस्याचं भाषण नोंदवता येत नाही. शेवटी त्यांनी एक करडी मर्दानी हॅट आणून मेजावर ठेवली. क्विग्लींनी समाधानाने मान डोलावली.

शेजारचे हॅवरकँप म्हणजे मुरलेले सदस्य. ते त्या हॅटकडे बराच वेळ पाहत राहिले.

"बाई," ते भारावून म्हणाले, "म्हणजे एक इथे ठेवायची आणि दुसरी घालून घरी जायचं! आम्हाला कधी सुचलं नाही हो! शिकलेली माणसं हवीतच सभागृहात."

लवकरच प्रत्येकाने दुसरी हॅट घेतली. सभागृह खच्चून भरलं आणि त्यात बाई व क्विग्ली सोडून कोणी नव्हतं. पूर्ण हजेरीबद्दल वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. मतदान तेवढं अडलं. क्विग्लींनी नियम सुचवला: हॅट पालथी, तर विरोध, उताणी, तर होकार. ज्या हॅटची हरकत असेल तिने सांगावं. कोणीच काही बोललं नाही. मात्र आत धूळ बसू नये म्हणून सगळ्यांनी हॅट्स पालथ्या ठेवल्या होत्या, त्यामुळे येईल तो ठराव पडू लागला.

पुलाचा ठराव आला. क्विग्ली चष्मा पुसू लागले. हे काम ते फार सावकाश करत. बाईंनी आयुष्यात तराजूच्या काट्याशीसुद्धा लबाडी केली नव्हती. मग पुलावरून जीव मुठीत धरून जाणारी मुलं डोळ्यांपुढे आली, आणि त्या उठल्या. रांगेरांगेने एकेक हॅट उताणी करत गेल्या.

"एकमताने मंजूर," क्विग्ली चष्मा लावत म्हणाले. "सभागृह इतकं विचारीपणाने वागलेलं मी पाहिलं नव्हतं."

पूल मात्र होईना. बाई ओढ्यावर जाऊन पाहतात, तर काठावरच्या खांबाला कंत्राटदाराची हॅट अडकवलेली: काम चालू. शेजारी सरकारी अभियंत्याची: पाहणी चालू. मुलं त्या दोन्ही हॅट्सना 'गुड मॉर्निंग' म्हणून, कठड्याला धरून जुना पूल ओलांडत होती.

आता गावालाच जागं करायला हवं होतं. बाईंनी चर्चच्या तळघरात सभा बोलावली. मोठं पातेलंभर कॉफी उकळायला ठेवली आणि सभेच्या खोलीचं दार उघडून आत पाहिलं. प्रत्येक खुर्चीवर एकेक हॅट.

बाईंनी तिथूनच शेजारणीला फोन लावला.

"सॉल्वेग, अगं, तुझीच मुलं ना त्या पुलावरून जातात? आहेस कुठे तू?"

"असं काय करतेस, वर्ना? आमच्या ह्यांची हॅट पाठवलीय की! दुसऱ्या रांगेत बघ, तपकिरी. आणि चांगलं खडसावून बोल हं. कोणाला सोडू नकोस!"

बाई खडसावून बोलल्या. कॉफी मोरीत ओतून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मुलं पुन्हा बसमधून उतरून चालू लागली.

तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. पण आपल्या भागातल्या मागच्या सभेला तुमची हॅटसुद्धा नव्हती.