अर्जनवीसाची सवत

लेकीच्या टॅबवर चार चांगले संस्कार करावेत, असं अर्जनवीसाने रविवारी दुपारी ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

हा गृहस्थ कचेरीच्या दाराबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. अक्षर मोत्यासारखं, आणि त्याची घमेंड त्या मोत्यांहून टपोरी. लेक दहा वर्षांची. बोलायला लागली की ऐकत राहावं, पण कागदावरची अक्षरं तिला दाद देत नसत. उलटीपालटी होत, एकमेकांच्या जागा बळकावत. डोकं तल्लख, लिहिण्यावाचण्याचीच तेवढी अडचण. म्हणून चार वर्षं ती सांगायची आणि बाबा लिहून द्यायचे. (लिहून म्हणजे सुधारून. "मांजर माझ्या पायाशी झोपतं" याचं "सदर मांजर माझ्या पायांनजीक विश्रांती घेत असते" असं होऊन यायचं. पोरगी कपाळाला हात लावायची, पण करते काय?)

मग शाळेतल्या बाईंनी तिला टॅब दिला. एखादं अक्षर दाबलं की तो शब्द सुचवायचा, शब्दावर बोट ठेवलं की मोठ्याने वाचून दाखवायचा. पटला तर घ्या, नाहीतर सोडा. संध्याकाळी बाबा चष्मा पुसून, पेन उघडून हजर, तर पोरगी म्हणते कशी, "बाबा, नको. मला एकटीला लिहायचंय."

एकटीला! त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही.

"अहो, सवत आली की तुमची," बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली.

"काचेच्या तुकड्यावर मी कशाला जळू?"

"मग डोळे वटारून काय बघताय तिच्याकडे? बॅटरी उतरेल बिचारीची."

जळत होता तो. जळून पार कोळसा झाला होता.

त्यात बाई बोलून गेल्या की हे यंत्र वापरणाऱ्याचेच शब्द शिकतं आणि पुढच्या वेळी तेच सुचवतं. झालं! रविवारी मायलेकी बाहेर पडल्याबरोबर अर्जनवीसाने टॅब मांडीवर घेतला. भिंतीच्या भांडणाचा एक, तुंबलेल्या गटाराचे दोन आणि बदलीचा एक असे चार अर्ज एका बोटाने टाईप केले, तेही पाच-पाच वेळा. (घात करायचा हेतू नव्हता हो. टॅबने निदान आपल्यासारखं लिहावं, म्हणजे पोरीच्या लिहिण्यात आपण कुठेतरी उरू, एवढंच.)

सोमवारी शाळेत पालकांची सभा होती. तिथे मुलं लिहून दाखवणार, हे पोरीने फक्त आईला सांगितलं होतं. बाबांना गंमत दाखवायची होती ना!

अर्जनवीस पहिलीतल्या मुलांच्या खुर्चीत कसाबसा कोंबून बसला. बाई म्हणाल्या, "हिने आजवर चारचौघांत एक ओळ लिहिलेली नाही. आज ती आपणहून पुढे आलीय." पोरगी उभी राहिली. टॅबवरचं सगळं भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होतं. तिने लिहिलं, 'माझे'. टॅबने सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवलं. स्पीकर खणखणला, "म्हणणे."

तिने दुसऱ्यावर बोट ठेवलं. "गटार."

कुणीतरी खुसखुसलं. तिने ओठ दाबून स्वतःच 'बाबा' लिहिलं आणि पुढच्या शब्दासाठी बोट टेकवलं.

"विरुद्ध."

हशा पिकला. घाबरून तिने भलतीकडेच बोट ठेवलं.

"कारवाई."

"करा, करा, कारवाई करा!" मागून कुणाचे तरी वडील ओरडले.

पोरीचे कान लालबुंद झाले. बोट हवेतच थांबलं. आता ही खाली बसली की पुन्हा जन्मात चारचौघांत उठायची नाही, हे अर्जनवीसाला लख्ख कळलं. तो ताडकन उठला. खुर्चीही उठली. ती कमरेला घट्ट बसली होती.

"बाई, तिची काही चूक नाही! मीच त्याला अर्ज शिकवले. जळलो हो मी त्या टॅबवर!"

पोरीने वळून बाबांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

"हात्तिच्या! मला वाटलं टॅब बिघडला. बाई, हे तर बाबांचं आहे. ते जे सुचवतील ते सोडून द्यायचं. मला येतं ते, चार वर्षं तेच केलंय."

मग एकही सूचना न घेता तिने एकेक अक्षर शोधून लिहिलं. दोनदा चुकली, पुसलं, पुन्हा लिहिलं. बराच वेळ गेला, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी स्पीकर बोलला:

"माझे बाबा सगळ्यांचं लिहून देतात. आज माझं मी लिहिलं. बाबा खुर्चीत अडकले."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अर्जनवीसाचे डोळे भरून आले. त्याला तेवढ्या टाळ्या वाजवता आल्या नाहीत, कारण दोन्ही हातांनी तो खुर्ची ओढत होता.

सुटका झाल्यावर दारात पोरीने टॅब त्याच्या हातात दिला. "बाबा, घरापर्यंत तुम्ही धरा." अर्जनवीसाची छाती फुगली. अखेर लेकीला आपलीच आठवण झाली म्हणायची! त्याने टॅब दोन्ही हातांनी उराशी धरला.

"आणि बाबा," ती म्हणाली, "वाटेत त्याला काही शिकवू नका."