सहा वाट्या, एक बदाम

"वस्तू न फोडता आत काय आहे ते मी सांगतो," असं ताइस्तो छाती फुगवून म्हणे, आणि ते खरंही होतं. चहूबाजूंनी क्ष-किरण सोडायचे आणि पडलेल्या सावल्यांवरून गणिताने आतलं चित्र उभं करायचं, यात त्याची वीस वर्षं गेली होती. माणसांवर मात्र त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याच्या विभागातल्या आइलावर तर मुळीच नव्हता.

यंदा फिनलंडमधल्या कुओपिओच्या विद्यापीठातल्या त्यांच्या विभागात तळ्याकडची खोली रिकामी झाली. ताइस्तोची खिडकी उघडत होती कचऱ्याच्या डब्यांवर. खोलीवरून तो आणि आइला दोन महिने भांडले, तेव्हा विभागप्रमुख उर्पो वैतागला.

"नाताळच्या खिरीत आपण एकच बदाम टाकतो. आपल्या सहाजणांत ज्याला तो मिळेल, त्याची खोली. विषय संपला."

विषय कसला संपतोय? तांदळाची खीर दरवर्षी आइला करायची, आणि गेली तीन वर्षं बदामही तिलाच मिळत होता. हा योगायोग म्हणायचा?

खिरीच्या दिवशी सहा वाट्या भरून झाल्या आणि मंडळी गरम द्राक्षरस प्यायला गेली. ताइस्तोने ट्रे उचलून तळघरातल्या यंत्रापाशी नेला. हाताशी अर्धाच तास होता, म्हणून त्याने दर वाटीच्या पाचच सावल्या घेतल्या. सावल्या कमी पडल्या की आत साधारण काय असावं, हे गणिताला आधी सांगावं लागतं. त्याने सांगितलं: वाटीत एक बदाम आहे.

पहिल्याच वाटीत बदाम दिसला. ही आपली, म्हणून ताइस्तोने खुशीत तिच्यात चमचा खोचून ठेवला. पण संशय स्वस्थ बसू देईना. दुसरी तपासली, तिच्यातही बदाम. तिसरीतही. सहाच्या सहा वाट्यांत!

आता त्याला डाव कळला. सगळ्यांना बदाम म्हणजे निकाल रद्द आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून. भांडणात आइलाला कोण हरवणार?

ट्रेसकट वर येऊन त्याने सहाही चित्रं टेबलावर आपटली. "बघा बाईंची लबाडी."

"मी एकच टाकलाय," आइला म्हणाली.

"एकच काय? मग ही चमचावाली माझी वाटी खा. सगळ्यांसमोर."

आइला खाऊ लागली. तिसऱ्या घासाला कडकन आवाज आला.

"सापडला," ती म्हणाली.

"आता उरलेल्या पाच आपण खाऊ, म्हणजे कळेल," ताइस्तो इतरांना म्हणाला.

उरलेल्या पाचही वाट्या चाटूनपुसून झाल्या. बदामाचं टरफलसुद्धा निघालं नाही. आइलाने एक चित्र उचलून निरखलं.

"पाचच सावल्या घेतल्यास? मग गणिताला आधी काय सांगितलं होतंस?"

"वाटीत एक बदाम आहे म्हणून," ताइस्तो पुटपुटला.

"मनी वसे ते स्वप्नी दिसे," उर्पो म्हणाला आणि त्याने किल्ली आइलाच्या हातावर ठेवली.

ताइस्तो अजून डब्यांसमोरच बसतो. भेटेल त्याला ऐकवतो, की काही म्हणा, पहिल्या वाटीचं चित्र अगदी बिनचूक होतं.