पैकीच्या पैकी

कल्याणी समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलत नाही, तोंडात बघून बोलते. गारखेड्यातल्या आमच्या घराची वरची खोली बघायला ती पहिल्यांदा आली, तेव्हा मी पाण्याची वेळ, गेट लावायची वेळ असं सगळं नीट समजावून सांगत होतो आणि ही आपली माझ्या ओठांवर नजर लावून बसलेली. मला वाटलं, मिशीला पोहे लागलेत. रुमालानं दोनदा मिशी पुसली. माझं संपल्यावर म्हणाली, "सर, तुमचा 'स' पुढच्या दोन दातांतून सटकतो. ऐकायला लई गोड वाटतो, पण सटकतो."

तेहतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. माझ्या 'स'वर बोट ठेवणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं. हिला खोली द्यायची नाही असं मी मनात ठरवलं, तेवढ्यात सौ. आतून चावी घेऊन आल्या. आमच्या घरात निर्णय असेच होतात.

ही शिकते काय, तर वाचा-उपचार. ज्याचं बोलणं अडखळतं, उशिरा येतं किंवा लकव्यानं जातं, त्याला ते परत मिळवून द्यायची विद्या. त्यातली चार वर्षांची डिग्री झालेली, आता मास्टर्स. मूळची फुलंब्रीची, वय चौतीस. बरोबरीच्या मैत्रिणींची पोरं हायस्कुलात गेली आणि ही सकाळी सहाला गच्चीवर 'पटक-पटक-पटक' करत फिरते. जिभेचा वेग मोजायचा तो प्रकार असतो म्हणे. पण शेजारच्या काकूंनी घाबरून सौ.ना विचारलं होतं, "वरची कोणाला पटकायली व्हय?"

आमच्याकडे गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस अडखळत बोलतो. तो "सि... सि..." करायला लागला की मी "सिलिंडर" म्हणून मोकळा व्हायचो. मदत म्हणून हो. दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची मला सवयच आहे, पस्तीस मिनिटांच्या तासात धडा संपवायचा तर पोरांची वाट बघून कसं चालेल? एक दिवस कल्याणी जिन्यात उभी होती. खाली आली आणि म्हणाली, "सर, त्यांचा शब्द तुम्ही कशाला घेता? त्यांचा हाय तो." मग त्याच्याकडे वळली. "दादा, घाई नाय. येऊ द्या."

आणि थांबली. असं थांबणं मी कधी बघितलं नव्हतं. चेहऱ्यावर कंटाळा नाही, कीव नाही, मदतीची घाई नाही. बराच वेळ गेला. मग तो माणूस म्हणाला, "सिलिंडर," आणि हसला. तीन वर्षं तो आमच्याकडे येतोय, पण हसताना मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी गॅसचं पुस्तक शोधायच्या निमित्तानं आत गेलो.

'घाई नाय, येऊ द्या' हे ती कुणालाही म्हणते. सिटी बसला म्हणते, मोबाईलच्या रेंजला म्हणते. एकदा सौ.नी दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं, तर दुधालाही म्हणाली असावी. सगळं ओट्यावर आलं.

तिच्या प्रबंधाचा विषय ऐकून मात्र मी खुर्चीत ताठ बसलो. लकवा झालेल्या माणसाला चित्रं दाखवून नावं विचारतात. नाव चुकलं तर शब्द हरवला असं धरतात. "पण सर, उत्तरं असतात पुस्तकातली. आपल्याकडचं म्हातारं माणूस पेरूला पेरू म्हणतच नाय. जाम म्हणतं. ते चूक कसं?" आपल्या भागातल्या शब्दांची वेगळी यादी तिला करायची होती. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी ती मानली तर डिग्री. 'हे प्रमाण नाही' म्हणाले तर विषय रद्द, एक वर्ष पाण्यात आणि सगळं पहिल्यापासून.

"बरोबरच आहे त्यांचं," मी म्हणालो. "पेरू तो पेरू. 'माझे आवडते फळ' या निबंधात पोरं जाम लिहायची. मी लाल शाईनं खोडायचो."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "किती पोरांचा खोडला, सर?"

मी हसलो. ती हसली नाही.

मग सुरू झाली तिची भटकंती. हातात चित्रांची थप्पी घेऊन ही बया भाजी मंडईत, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत म्हाताऱ्यांच्या शेजारी जाऊन बसायची. "आजी, हे काय?" फुलंब्रीच्या एका आजीनं हिच्या डोक्यावरून हात फिरवला. "एवढी शिकली आन् जाम वळखंना व्हय गं तुला?" कल्याणीनं ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं आणि रात्री जेवताना आम्हाला वाचून दाखवलं.

एकदा माझ्यासमोर चित्र धरलं. मी म्हणालो, "खाट."

"घरी आई काय म्हणायची?"

मी मूळचा सिल्लोडकडचा. डी.एड.ला गेलो तेव्हा गावाकडचे शब्द गावाकडेच ठेवून आलो होतो. उत्तर द्यायला वेळ लागला. तिनं घाई केली नाही.

"बाज," मी म्हणालो. स्वयंपाकघरात सौ. खुदकन हसल्या.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी दुपारपासून गेटात उभा. चारला ती आली. परीक्षकांनी विचारलं होतं, ही चूक नाही कशावरून? ही म्हणाली, "चूक एकट्याची असते, सर. अख्खा तालुका चुकत नसतो." यादी मान्य झाली. मी थक्क झालो. तेहतीस वर्षांत हा साधा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

संध्याकाळी ती खाली आली ती पेढे न आणता. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक जुना कागद तिनं माझ्यापुढे ठेवला. तिच्या वडिलांचा, सात वर्षांपूर्वीचा. अण्णा फुलंब्रीच्या स्टँडवर जाम विकायचे. लकव्यानंतर त्यांना पंधरा चित्रं दाखवली होती.

"पहिलंच चित्र जामाचं, सर. अण्णा हसले. घाम फुटला, पण म्हणले, जाम." पुढे लाल फुली. आलूवर फुली, बाजेवर फुली, भोपळ्याच्या डांगरावर फुली. पंधरात नऊ फुल्या. खाली शेरा होता, शब्द सापडत नाहीत.

"मी तवा पतसंस्थेत कारकून होते. मला काय कळायचं? मीबी मानलं. घरी रोज त्यांच्या मागं लागायची. अण्णा, जाम नाय, पेरू म्हणा." तिनं कागदाची घडी बोटानं सरळ केली. "मग त्यांनी बोलणंच सोडलं. वर्षभर. जाईपर्यंत."

मला तिच्याकडे बघवेना. कागदावरच्या फुल्या माझ्याच हातच्या वाटत होत्या.

"तपासता का, सर? मी तपासला तर घरचा निकाल होईल. मराठीचे सर पायजेत."

मी लाल पेन काढला. जाम. बरोबर. आलू. बरोबर. जुन्या फुल्यांशेजारी बरोबरच्या खुणा करत गेलो, एकही सोडली नाही. पंधराव्या चित्रानंतर खाली लिहिलं, पैकीच्या पैकी. सही केली आणि कागद तिच्या हातात दिला.

तिनं तो वाचला. मग पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे न बघता ती माझ्या डोळ्यांत बघू लागली. तिला काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. काय सांगायचंय ते मला कळत होतं, वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं.

ते मी गिळलं.

"घाई नाय," मी म्हणालो. "येऊ दे."